तीस एप्रिलचं पान

१ एप्रिल १९७९, रविवार. दुपारी ३.
डायरी सुरू. औषध कंपनीचा माणूस जानेवारीत दवाखान्यात ठेवून गेला होता, खोकल्याच्या बाटल्यांमागे सापडली. एका तारखेला एक पान. तीन महिने गेले, पण सरकारचं वर्षही आजच सुरू होतं. तेव्हा उशीर झाला असं म्हणता येणार नाही.
डायरी कोणी वाचणार नाही. म्हणून फक्त खरं लिहायचं. हा नियम नंबर एक.
सद्यःस्थिती: फार्मसी डिप्लोम्याची परीक्षा पास. आता भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात शेवटची ट्रेनिंग, ३१ मेपर्यंत. तास पूर्ण भरले की डिप्लोमा हातात. एकोडीला घरचे सगळे डोळे लावून बसले आहेत. जागेश्वरभाऊनं गोठ्याशेजारची खोली माझ्या औषधांसाठी सारवून ठेवली. मी कंपाउंडर होणार आहे हे त्याला तीनदा समजावलं. तो म्हणतो, डॉक्टर.
नोकरी नेमकी केव्हापासून शोधावी, यावर जेवण झाल्यावर विचार केला. निष्कर्ष: डिप्लोमा मिळायच्या बरोबर दोन महिने आधी. त्याच्या आधी शोधणारा आधाशी, नंतर शोधणारा आळशी. म्हणजे बरोबर आजपासून. आज रविवार असल्यामुळे उद्यापासून.

सायंकाळी ६.
भैयालाल येऊन गेला. सानगडीचा, साकोलीच्या शाळेपासूनचा सोबती. त्याच्या घरचे तलावात मासे धरतात. ट्रेनिंग त्याला साकोलीत मिळाली. पहाटे बापासोबत जाळं ओढतो, मग सायकलनं दवाखाना. अशानं माणूस लवकर म्हातारा होतो, असं मी त्याला सांगितलं.
काम घेऊन आला होता. मॅट्रिक झाल्याबरोबर, ७५ साली, त्यानं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात नाव टाकलं. तेव्हा मलाही चल म्हणत होता. मी म्हटलं होतं, मला काय चपराशी व्हायचं आहे? आता त्या कार्डाचं रिन्यूअल याच महिन्यात आहे. तीस तारीख चुकली की नाव कटतं, चार वर्षांची सिनियॉरिटी पाण्यात. जिल्हा परिषदेत कंपाउंडरच्या जागा निघणार म्हणे. यादी एक्स्चेंजातूनच जाते, जुन्या नावाला आधी नंबर. त्यानं ऑफिससाठी एक दिवस खाडा केला तर तास कमी पडतात. म्हणे, तू भंडाऱ्यातच राहून राहिला, तेवढं रिन्यू करून देजो, अन् तुयंही नाव टाकून घेजो.
माझ्या खोलीपासून एक्स्चेंज सायकलनं दहा मिनिटं. मी म्हटलं, झालंच समज.
कार्ड दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेलं. गाठही जाळ्याचीच. एकदा सोडली की तशी पुन्हा बांधणं आपल्याला जमणार नाही. पुडकं डायरीत ४ तारखेच्या पानावर ठेवलं. बुधवारी पान उघडलं की पुडकं हातात. विसरायचा प्रश्नच मिटला.

४ एप्रिल, बुधवार.
पान उघडलं, पुडकं हातात. पद्धत यशस्वी.
मात्र एक गोष्ट लक्षात आली. माझं नाव टाकायला शाळेचा दाखला लागतो. तो एकोडीला, मायच्या पेटीत. आज भैयालालच्या कार्डासाठी जायचं, मग दाखला आला की माझ्यासाठी परत जायचं, हे शिकलेल्या माणसाचं काम नाही. एकाच फेरीत दोन्ही कामं. भाऊला पोस्टकार्ड लिहिलं, दाखला पाठव.
पुडकं ११ तारखेवर सरकवलं.

७ एप्रिल.
पोस्टकार्ड आज टाकलं.

११ एप्रिल, बुधवार.
भाऊचं उत्तर. शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं. पेटीत कागद लय आहेत, कोणता दाखला अन् कोणता सातबारा ते मले समजून नाही राहिलं, तूच येऊन घेऊन जा.
दाखला नाही तर फेरी नाही. पुडकं १६ वर. पुठ्ठ्यांमुळे डायरीचं पोट फुगलं आहे.

१४ एप्रिल, शनिवार.
काल गुड फ्रायडे, आज आंबेडकर जयंती, उद्या रविवार. सरकारलाच घाई नाही, मी कशाला करू?

१६ एप्रिल, सोमवार. सायंकाळी ५.
आज निघालो होतो. हे नोंदवून ठेवणं महत्त्वाचं आहे. दाखला नसला तरी निदान भैयालालचं तरी करून टाकू, असा मोठ्या मनानं विचार केला. अर्ध्या दिवसाची सुटी मागितली, मिळाली. पुडकं पिशवीत, पिशवी हँडलला.
ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. रसवंतीत थांबलो. दोन ग्लास रस झाल्यावर मनात आलं, या उन्हात चक्कर आली, पडलो, पिशवी कोणी नेली तर? स्वतःचं असतं तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याची वस्तू जपायला पाहिजे. परत आलो. झोप चांगली लागली.
उठल्यावर मात्र वाईट वाटलं. रसवंतीतून एक्स्चेंजची पाटी दिसत होती.
पुडकं २३ वर.

१९ एप्रिल.
भैयालालचं पोस्टकार्ड. झालं का? मी लिहिलं, होत आलं. हे वाक्य खोटं नाही. तारीख होत आली आहे.

२० एप्रिल, शुक्रवार.
चुलतभाऊ सुखराम याचं लग्न २९ ला, अक्षय्य तृतीयेला. घरून निरोप आला, आठ दिवस आधी ये, मंडपाचं काम आहे. मलाही दाखला आणायचाच होता. सगळं आपोआप जुळून आलं.
टाइमटेबल:
२१ ला एकोडी.
२२ ला दाखला.
२३ ला सकाळच्या गाडीनं भंडारा, दोन्ही कामं फत्ते.
२८ ला परत लग्नाला.
दवाखान्यात सांगितलं, दोन दिवस जातो. डायरी नेत नाही, लग्नघरात कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. पुडकंही इथेच राहू दे, प्रवासात हरवायला नको. ते २३ वरून काढून ३० वर ठेवलं. फक्त सेफ्टी म्हणून.

२ मे, बुधवार.
आज परत आलो. डायरी उघडली. अकरा पानं कोरी. तीसच्या पानातून पुडकं खाली पडलं.
लग्नाच्या गडबडीत साफ विसरलो. मंडप, पाहुणे, पंगती, माणसाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कोणीही विसरला असता.
साफ विसरलो.
दाखला आणला आहे. अर्धं काम झालं.

३ मे, गुरुवार. दुपारी.
उघडल्याबरोबर एक्स्चेंजात हजर. खिडकीतला कारकून बरा माणूस वाटला. पुडकं न सोडताच विचारलं, रिन्यूअल तीन दिवस उशिरा चालतं का? म्हणाला, नाही. माणूस आजारी असेल तर? नाही. माणसाचा दोष नसेल, दुसऱ्याचा असेल तर? त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाला, नाव कटलं. आता त्यांनी स्वतः येऊन नव्यानं टाकावं. ज्या दिवशी येतील ती तारीख. लवकर या म्हणावं, महिन्याच्या शेवटी याद्या जायच्या आहेत.
मी तिथेच उभा राहिलो. त्यानं विचारलं, तुमचं नाव आहे का? दाखला खिशात होता.
टाकलं. कोरं कार्ड मिळालं, शाई अजून ओली.
आता भैयालालला नव्या नोंदणीची पद्धत समजावून सांगायची तर आपण स्वतः अनुभव घेतलेला बरा, असा माझा विचार होता. बाहेर येऊन रस घेतला. संपवला नाही.
त्याला आजच्या आज कळवायला पाहिजे. उद्याच्या उद्या तो येईल, नाव टाकेल, यादीत बसेल. सिनियॉरिटी गेली तरी यादी तर जाणार नाही. पोस्टात गेलो तर पोस्टकार्डं संपलेली. असं पोस्टमास्तर म्हणाले. आंतर्देशीय होतं. पण एवढ्याशा गोष्टीला आंतर्देशीय पाठवलं तर माणूस घाबरतो.

६ मे, रविवार.
असल्या गोष्टी पत्रानं सांगू नयेत, समोरासमोर सांगाव्यात. आज सानगडीला जायचं ठरवलं होतं. मग आठवलं की रविवारी सगळे तलावावर असतात. त्याच्या बापासमोर, मुरारीकाकांसमोर, कसं सांगायचं? लहान असताना त्यांनी मला डोंग्यात बसवून पूर्ण तलाव फिरवला होता.
गेलो नाही. दिवसभर खोलीत बसून होतो. ललिताबाई, म्हणजे घरमालकीण, विचारत होत्या, बरं नाही का? म्हटलं, नाही. हे खरं होतं.

१३ मे, रविवार.
तोच आला.
उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की त्यांची मोठी धर असते. त्याच्या मायनं, जमुनाबाईनं, पळसाच्या पानांत बांधून मासे पाठवले. इश्वरनं, म्हणजे मी, आपलं एवढं काम केलं म्हणून. ललिताबाई स्वयंपाकघरात मासे शिवू देत नाहीत. आम्ही अंगणात तीन विटा मांडून शिजवले. भैयालालच शिजवत होता. मी चुलीत काड्या घालत होतो, कारण त्यात मान वर करावी लागत नाही.
कार्ड कुठं आहे म्हणाला. मी म्हटलं, ऑफिसनं ठेवून घेतलं, शिक्का मारून देणार आहेत. तोंडातून निघून गेलं. तो म्हणे, बरं झालं बावा, तू होता म्हणून, नाही त मायी चार वर्षं गेली असती.
डायरी खाटेवर पडली होती, पोट फुगलेली. मी तिच्यावर उशी ठेवली. तो त्याच उशीवर रेलला.
मासे चांगले झाले होते. घशात काटा अडकेल असं प्रत्येक घासाला वाटत होतं. अडकला नाही.
नियम नंबर एक मोडलेला नाही. डायरीत मी खरंच लिहितो आहे. खोटं बाहेर बोललो.

२० मे, रविवार.
पत्र लिहिलं. तीन खर्डे. पहिला, कळविण्यास अत्यंत दुःख होते की, असा सुरू झाला. कोणी गेल्यासारखं वाटलं. फाडला. दुसऱ्यात सगळा दोष ऑफिसवर गेला. तो वाचायला बरा वाटत होता, म्हणूनच फाडला. याची नोंद व्हावी.
तिसरा दोन ओळींचा. कार्ड रिन्यू झालं नाही, चूक माझी. तू ताबडतोब ये.
पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. तिकीट उद्या आणतो.

२४ मे.
तिकीट आणलं. पाकीट सापडत नाही.

२५ मे.
पाकीट डायरीतच होतं, पुडक्याच्या मागे. संध्याकाळी टाकायला निघालो. पेटीपर्यंत गेलो. म्हटलं, इतके दिवस झाले, आता एवढ्यानं काय फरक पडतो? परत आलो.

३१ मे, गुरुवार.
ट्रेनिंग संपली. बाकीच्यांची. माझे अकरा दिवस कमी आहेत, लग्नाचे. दवाखान्याचे साहेब म्हणाले, जूनमध्ये भरून काढ, त्याशिवाय सही नाही. म्हटलं, उद्यापासून.
भैयालालचा एकही खाडा नाही, असं साकोलीहून आलेला एक जण सांगत होता. मी विचारलं नव्हतं.

५ जून.
ऊन फार आहे. पाऊस आला की तास भरतो. एवढ्यात काही जागा निघत नाहीत.

९ जून, शनिवार.
जागा निघाल्या.
जागेश्वरभाऊ स्वतः पत्र घेऊन आला. पोस्टावर भरवसा नाही म्हणे, म्हणजे पोस्टानं आलेलं पत्र त्यानं बसनं आणलं. जिल्हा परिषदेचा कॉल, १८ ला मुलाखत. जागा आपल्याच साकोली तालुक्यात. मायनं गावात साखर वाटली. वहिनी गोदावरीबाई म्हणते, पांढरा डगला मी शिवते.
भाऊ पाणी पिता पिता म्हणाला, भैयालाललेही आला असंल न? मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, मंग दोघं संगंच जा, तेवढाच आधार.
भाऊ गेल्यावर पत्र पुन्हा वाचलं. एक्स्चेंजाची यादी २५ मेची. २५ मेला मी पेटीपर्यंत गेलो होतो.

१२ जून, मंगळवार.
भैयालाल आला. आधी एक्स्चेंजात जाऊन आला होता, कॉल काहून नाही आला म्हणून विचारायला. कारकुनानं त्याला रजिस्टर दाखवलं. ३० एप्रिलला नाव कटलेलं. ३ मेच्या पानावर माझं नाव.
दारातच उभा राहिला. मी खूप बोललो. लग्न, मंडप, गर्दी, साफ विसरलो, मग सांगायची हिंमत झाली नाही, पत्र लिहिलं होतं, हे पाहा पाकीट, तिकीटसुद्धा आणलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.
मग एवढंच म्हणाला, तीन तारखेले सांगतास त मी चारले आलो असतो.
कार्ड मागितलं. मी डायरीतून पुडकं काढून दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. गाठ त्याचीच होती, एप्रिलात बांधली तशीच. तिच्यावर अंगठा फिरवला. शिक्क्यासाठी ऑफिसनं ठेवून घेतलं, असं मी अंगणात सांगितलं होतं.
पुडकं खिशात घातलं. वरच्या खिशात आजचं नवं कार्ड होतं, माझ्यानंतरच्या नंबरचं. मी म्हटलं, पुढच्या रिन्यूअलची काळजी करू नको, आता मी भंडाऱ्यातच राहीन, मी स्वतः. तो म्हणाला, राहू दे, मी येत जाईन.
चहा घेतला नाही. ललिताबाई म्हणाल्या, तुमचा तो मासेवाला मित्र आज लवकर गेला. मी त्यांना म्हटलं, तो कंपाउंडर आहे.

१३ जून.
निर्णय: मुलाखतीला जायचं नाही. हेच प्रायश्चित्त. मन हलकं झालं.

१४ जून.
पण मी गेलो नाही म्हणून त्याला थोडीच बोलावणार आहेत? यादीत तो नाही. मग जाऊन मिळवलेलं बरं. पगार सुरू झाला की त्याच्यासाठी काहीतरी करू. वहिनीचा डगला आला, खांद्यात सैल आहे.

१८ जून, सोमवार.
टेबलामागे तिघे. मिक्श्चरबद्दल विचारलं, सांगितलं. मात्रा विचारल्या, बरोबर आल्या. मधले साहेब खूश दिसले. मग ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागितलं. म्हटलं, अकरा दिवस बाकी आहेत, भरतो. काहून बाकी? म्हटलं, घरी लग्न होतं. साहेबांनी विचारलं, तुमचं? म्हटलं, चुलतभावाचं.
त्यांनी माझे कागद उचलून दुसऱ्या बाजूला ठेवले. म्हणाले, ३१ मेपर्यंत ज्याचे तास पूर्ण, तोच चालतो. असा आपल्या तालुक्यातला एकही पोरगा यादीत कसा नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. मला विचारलं, तुमच्या ओळखीत कोणी होता का? मी म्हटलं, होता.
जागा नागपूरकडच्या एकाला मिळाली. बाहेर आल्यावर त्यानंच मला विचारलं, साकोलीकडून इकडे यायला सकाळी गाडी असते का? मी सांगितलं, असते. सातची बैलबंडी सडकेपर्यंत, तिथून बस, दहापर्यंत माणूस भंडाऱ्यात.
सांगताना जीभ अडखळली.

१९ जून, मंगळवार.
भाऊला पत्र लिहिलं. आंतर्देशीय. आजच टाकलं. नोकरी नाही, भैयालालचीही माझ्यामुळे गेली, असं सरळ लिहिलं. दवाखान्यात गेलो, तासांपैकी पहिला दिवस भरला. साहेब म्हणाले, दहा राहिले.
घरी येऊन डायरी चाळली. पोट आता सपाट आहे. तीसच्या पानावर पुठ्ठ्याचा चौकोनी डाग पडला आहे, बाकी पान कोरं. नियम नंबर एक आठवला.

३० एप्रिल १९७९, सोमवार. (लिहिलं १९ जूनला.)
लग्न काल झालं. पाहुणे पहाटेच गेले. मंडप अर्धा सोडलेला. आज कोणतंही काम नाही, कोणतीही गडबड नाही.
सकाळी साडेसहालाच ओट्यावर चार-पाच जण येऊन बसले आहेत. म्हाताऱ्या जनाबाईचा गुडघा, कोणाचं पोट, कोणाच्या लेकराचा खोकला. आठ दिवसांपासून हे सुरू आहे. सगळे मला डॉक्टर म्हणतात. मी त्यांचा हात हातात घेऊन घड्याळाकडे पाहतो. मला नाडीतलं काही समजत नाही. मग सांगतो, गरम पाणी प्या. माय दारातून पाहत असते.
दाखला २२ लाच मिळाला, सदऱ्याच्या खिशात आहे. आजची तारीख मला ठाऊक आहे. तेवीसलाही ठाऊक होती, रोज ठाऊक होती. आत्ता निघालो तरी दहापर्यंत पोचतो, खोलीवरून पुडकं घेतो, साडेदहाला खिडकीत. भैयालालचं काम होतं.
जागेश्वरभाऊनं बंडी जुंपली आहे, सडकेपर्यंत जाऊन राहिला. मला विचारलं, भंडाऱ्याले काही काम आहे का तुयं?
मी म्हटलं, नाही.